आतला घसा

सकाळी नऊला पाच कमी असताना त्याने आपला खण उघडला आणि मेणात बसवलेली वरची कवळी हातात घेतली, तर डावीकडचा सुळा त्याने ठेवला होता तिथे नव्हता. म्हणजे गेला नव्हता कुठे, पण किंचित आत सरकून, शेजारच्या दाताला खेटून, असायला हवा तसा बसला होता. काल संध्याकाळी त्याला तो तसा बसवता आला नव्हता. तीनदा मेण तापवलं, तीनदा तो सुळा दारात अवघडून उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा बाहेरच राहिला, आणि शेवटी उद्या बघू म्हणून त्याने खण लोटला होता. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने कवळी खिडकीकडे धरली. हिरडीच्या मेणावर सुरीचे बारीक माग दिसत होते, आणि ते खालून वर गेले होते. चौतीस वर्षं तो सुरी वरून खाली ओढत आला होता. स्वतःची सही जशी दुरूनही ओळखू येते तसा त्याला स्वतःचा माग ओळखू यायचा. हा त्याचा नव्हता. त्याने कवळी उलटी केली, दाढांच्या मागे पाहिलं. तिथेही सुरी खालून वर. मग त्याने दुसरा खण उघडला, कालच तयार झालेली खालची कवळी काढली, आणि ती दिव्याखाली धरायच्या आधीच त्याला कळून चुकलं होतं की तिथे काय दिसणार आहे.

तिसऱ्या मजल्यावरची ती खोली फार मोठी नव्हती. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे यायचे आणि इथून कवळ्या जायच्या. तीन टेबलं, तीन दिवे, भिंतीला लागून प्लास्टरचे जबडे नंबर टाकून ठेवलेल्या फळ्या. खिडकीजवळचं टेबल त्याचं, त्याला काटकोनात ताईंचं, आणि दारापाशी मालकाचं, ज्यावर मालक बसण्यापेक्षा टेकतच जास्त. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तो कुणाचा मास्तर नव्हता, पण अकरा वर्षांपूर्वी ताई नवऱ्यामागे कामाला लागल्या तेव्हा मेणात दात कसे लावायचे हे त्यानेच त्यांना शिकवलं होतं, तेव्हापासून ते नाव चिकटलं. ताई रोज अर्धा तास आधी येतात, हे त्याला माहीत होतं. बसला गर्दी नसते म्हणून, असं त्या म्हणायच्या. आत्ता त्या पाठमोऱ्या बसून साच्यात प्लास्टर ओतत होत्या आणि वाटीच्या काठावर चमचा आपटत होत्या, टक, टक, बुडबुडे निघावेत म्हणून. त्याने दोन्ही कवळ्या खणात ठेवल्या. "चहा ठेवलाय मास्तर तुमचा, निवेल," ताई मागे न बघता म्हणाल्या. त्याने कप उचलला. कप गरम असणार हे त्याला वाफेवरून कळलं.

बोटं जात होती हे त्याला ठाऊक होतं, नाही असं नाही. गुलाबी पावडरीत जो उग्र वासाचा द्रव कालवावा लागतो तो वर्षानुवर्षं बोटांना लागला की टोकांची जाणीव जाते, असं मालकानेच एकदा कुठेतरी वाचून सांगितलं होतं, आणि हातमोज्यांची एक पेटी आणून ठेवली होती. हातमोजे घालून मेण समजत नाही म्हणून ती पेटी तशीच पडून राहिली. आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला. मग दोन आठवड्यांपूर्वी जेवताना बायको एकदम म्हणाली, "हे काय लावून घेतलंत?" आणि त्याने पाहिलं तर तर्जनीवर कवडीएवढा फोड होता. स्पिरिटच्या दिव्यावर कधीतरी भाजलं असणार. कधी, ते त्याला सांगता येईना. दुखलं नव्हतं. बायकोने फोडावर मलम लावलं, तो तिच्या बोटांकडे बघत राहिला, आणि ती बोटं दुसऱ्याच कुणाच्या हातावर फिरताहेत असं त्याला वाटलं. तेव्हाही त्याने मनाशी म्हटलं होतं की काम तर नीट चाललंय ना. एकही कवळी परत आलेली नाही. सहा महिन्यांत एकही नाही. हे आठवलं आणि हातातला कप त्याने खाली ठेवला, कारण एकही कवळी परत का आली नाही ते आता त्याच्या समोर, दोन हातांवर, पाठमोरं बसलं होतं.

त्याच्या बापाचीही बोटंच गेली होती. बाप मासे धरायच्या टोपल्या विणायचा. नदी जिथे रुंद होऊन समुद्राला मिळायला येते तिथे त्यांचं घर होतं, आणि काठाकाठाने उगवणाऱ्या झुडपांच्या लांब, सरळ फोका कापून आणणं, त्या दगडी कुंडात पाण्यात आठ-आठ दिवस भिजवणं आणि मऊ झाल्या की विणणं, हा बापाचा जन्मभराचा उद्योग. टोपलीची सुरुवात शेपटीकडून व्हायची. जाड फोकांचे चार-चार तुकडे मधोमध चिरून एकमेकांत फुलीसारखे अडकवायचे, त्या फुलीभोवती दोन बारीक फोका एकदम घेऊन वेढे द्यायचे, एक वरून, एक खालून, आणि प्रत्येक वेढ्याला गुडघ्याने दाबून बसवायचं. मग उभ्या फोका वर वळवायच्या आणि टोपलीचं पोट धरायचं. पोट कमरेएवढं वाढलं की पुन्हा आवळत आणायचं. इथपर्यंत सगळं डोळ्यांसमोर. कुणीही मन लावून शिकला तर दोन पावसाळ्यांत शिकेल, असं बाप म्हणायचा. खरं काम पुढे होतं. तोंडापाशी आल्यावर त्याच उभ्या फोका आत वळवायच्या आणि आतल्या आत, नरसाळ्यासारखा, निमुळता होत जाणारा घसा विणायचा. शेवटची टोकं बांधायची नाहीत. ती मोकळी, तिरकी कापलेली, एकमेकांकडे झुकलेली ठेवायची. मासा नाकाने ढकलतो, टोकं बाजूला होतात, मासा आत जातो, टोकं मिटतात. घसा आवळ झाला तर मासा तोंड लावून परत फिरतो. सैल झाला तर आला तसा निघून जातो. आणि हा सगळा खेळ होता टोपलीच्या आत, हातभर खोल, जिथे बाप खांद्यापर्यंत हात घालून, मान दुसरीकडे वळवून, समोरच्या भिंतीकडे बघत विणायचा. "इथे डोळ्यांचं काही काम नाही," तो म्हणायचा. "डोळे मध्ये आले की घसा बिघडतो." घसा झाला की मूठ आत घालून बघायची. मूठ आत सहज गेली पाहिजे आणि बाहेर येताना मनगटावर ओरखडे उठले पाहिजेत. बापाची दोन्ही मनगटं कायम ओरखड्यांनी भरलेली असत. आई त्यांना बापाच्या बांगड्या म्हणायची.

तीस हिवाळे त्या कुंडातल्या गार पाण्यात हात घालून बापाची बोटं हळूहळू बधिर झाली. बापाने त्याचीही थट्टाच केली. सकाळी काही हातातून पडलं की म्हणायचा, "मी उठलोय, बोटं अजून उठली नाहीत." आई हसायची. तोही हसायचा. तो एकोणीस वर्षांचा होता तेव्हा एकदा होडीवाल्याला पोचवायच्या टोपल्या डोक्यावर घेण्याआधी त्याने सहज, काही मनात नसताना, एकीच्या घशात मूठ घातली, आणि मूठ अलगद बाहेर आली. मनगटावर एक रेघ नाही. त्याने दुसरीत घातली. तिसरीत घातली. तो आईकडे गेला. आई चुलीपाशी होती. तिने त्याचं कोरं मनगट पाहिलं, आणि तिला आधीच माहीत असल्यासारखी ती खालच्या आवाजात म्हणाली, "गप्प बस. तेवढं आजच्या दिवस तू करून टाक." तो आजचा दिवस तीन वर्षं चालला. बाप सकाळी फोका कापायला काठावर जायचा तेव्हा आई त्याच्याबरोबर जाऊ लागली. तिचा गुडघा अचानक दुखायला लागला होता. ती दर शंभर पावलांवर थांबायची, कुणाशी तरी बोलत उभी राहायची, बाप चिडायचा आणि थांबायचा, आणि तेवढ्या दीड तासात इकडे तो घरी बसून कालच्या टोपल्यांचे घसे उसवून पुन्हा विणायचा. त्याला ते चांगलं जमायचं. बापापेक्षाही चांगलं, असं त्याला एकदोनदा वाटून गेलं होतं, आणि त्या वाटण्याची त्याला अजून लाज वाटायची. होडीवाले खूश होते. एकदा बापाने त्याला सरळच विचारलं, "काय रे, माझं काम पूर्वीसारखंच आहे ना?" आणि तो पटकन, फारच पटकन म्हणाला, "बाबा, तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा?" बापाचा चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

दुपारी मालक बाहेर गेल्यावर त्याने हातातलं काम ठेवलं. विचारू नये असं त्याला वाटत होतं, आणि तोंडाने विचारलंही. "ताई, हल्ली माझं काम कसं वाटतं तुम्हाला?" ताईंचा चमचा थांबला. "आज काय हे नवीन मास्तर?" त्या हसल्या. "तुमच्यासारखा हात आहे का कुणाचा?" फारच पटकन म्हणाल्या. आणि म्हणताना त्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर नव्हते, त्याच्या बोटांवर होते. त्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. आपण बापाशी बोलत होतो तेव्हा आपलेही डोळे तिथेच असणार, हे त्याला पस्तीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं. "मी गेल्यावर तुम्हालाच सगळं बघायचंय," ताई पुढे म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. दोन महिन्यांनी त्या काम सोडणार होत्या. मुलगी दुसऱ्या शहरात होती, तिला दिवस गेले होते, जावई फिरतीवर. त्या कायमच्याच तिकडे जाणार होत्या. तीन आठवड्यांपूर्वी हे सांगताना त्या हसत होत्या, आणि मग अचानक गप्प होऊन त्याच्या टेबलाकडे बघत राहिल्या होत्या. तेव्हा त्याला वाटलं होतं, अकरा वर्षांची सोबत, वाईट वाटत असेल. "मग मालकांना सांगून कुणीतरी घ्या मदतीला," त्या आता म्हणाल्या. "एकट्याला फार पडेल." तो बरं म्हणाला. त्यांनी पुन्हा वाटीवर चमचा आपटायला सुरुवात केली, पण त्या वाटीत काहीच नव्हतं.

तोही असाच गेला होता. बाविसाव्या वर्षी त्याला इथे, या शहरात, या कामावर जागा मिळाली, आणि जायच्या आदल्या दिवशी आई कुंडापाशी त्याला म्हणाली, "घशांचं काय?" तो म्हणाला, "तू शिकलीस ना बघून." आईने आपले हात पुढे धरून पाहिले. तिची बोटं आखूड होती, हात खांद्यापर्यंत आत गेला तरी टोकापाशी पोचत नव्हता, हे त्याला माहीत होतं. तरी तो गेला. त्याला जायचंच होतं. तीन वर्षं तो चोरासारखा घरात वावरला होता आणि त्याला कुठेतरी उजेडात, स्वतःच्या नावावर काम करायचं होतं. चार महिन्यांनी तो घरी गेला तेव्हा कुंड कोरडं होतं. काय झालं ते आईने त्याला घराबाहेर नेऊन सांगितलं. थोरला होडीवाला एका सकाळी अकरा टोपल्या घेऊन आला आणि दारात टाकून म्हणाला, "तुमचा पोरगा गेला तो घसेही घेऊन गेला वाटतं." तो गमतीनेच म्हणाला होता. बापही हसला. मग त्याने आईकडे पाहिलं आणि त्याचं हसू तसंच्या तसं चेहऱ्यावर राहिलं, आई म्हणाली, नुसतंच राहिलं, कुणी काढून घ्यायला विसरल्यासारखं. होडीवाला गेल्यावर बापाने परत आलेल्या टोपल्या ओळीने मांडल्या. त्यांच्या पलीकडे होडीवाल्याच्या जुन्या, पोराच्या वेळच्या दोन मांडल्या. एकेकीत हात घालून बघितला. शेवटच्या दोनमधून हात बाहेर आला तेव्हा मनगटातून रक्त येत होतं. बाप ते पुसून म्हणाला, "छान आहे." त्यानंतर त्याने फोकेला हात लावला नाही.

तो बापाजवळ पायरीवर जाऊन बसला होता. समोर ओहोटीचं पाणी होतं. तिकडे बघत बाप म्हणाला, "ही तीन वर्षं तुझी. बरं. ते मला कळलं." मग म्हणाला, "त्याच्या आधीची तरी माझी होती का रे?" त्याने बापाचा हात धरला. "तुमचीच होती बाबा. सगळी तुमची होती." बापाने हात सोडवून घेतला. रागाने नाही, अगदी सावकाश. "हे तू म्हणतोस," तो म्हणाला. तेवढंच. बाप पुढे सहा वर्षं जगला. सकाळी उठून शर्टाची बटणं स्वतः लावायचा, त्याला अर्धा तास लागायचा, आणि आई पुढे झाली की तो तिच्याकडे असा बघायचा की तिचे हात खाली यायचे. कुठलाही धडधडीत आजार नसताना तो गेला. तोवर त्याला कुणी काही लपवून चांगलं सांगितलं, मग ते हवापाण्याबद्दल असो नाहीतर औषधाबद्दल, की तो मान हलवायचा आणि पलीकडे बघायचा. त्या सहा वर्षांत त्याने कुणावरही विश्वास ठेवला असं आईला आठवत नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, "बरं नाही का?" तो म्हणाला, "दमलोय." पलंगावर आडवा झाला आणि हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून एकेक मिटून उघडू लागला. गप्प राहता येईल, हे त्याला पहिल्यांदा सुचलं. ताईंना कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय. उद्यापासून मुद्दाम जरा उशिरा जायचं, खण उघडा ठेवायचा. दोन महिने निघतील. बापाला मारलं ते बोटांनी नाही, कळण्याने मारलं, आणि आपल्याला तर कळून चुकलंय, मग निदान त्या बाईच्या गळ्यात तरी ते का अडकवायचं? हे सगळं मऊ, समंजस वाटत होतं. इतकं समंजस की त्याला त्याची भीती वाटली. आईचा आवाज तसाच होता, चुलीपाशी. आजच्या दिवस करून टाक. आणि दोन महिन्यांनी? फळीवरचे ते जबडे नुसते नंबर नव्हते. सैल घशातून मासा निसटला तर निसटला, होडीवाल्याची एक सकाळ वाया. पण चुकीच्या बसलेल्या कवळीने कुणा म्हाताऱ्या बाईच्या हिरडीला जखम होते, ती चावणं सोडते, माणसांत तोंड उघडणं सोडते, आणि तिला वाटतं की चूक तिच्याच तोंडाची आहे. "दिवा मालवू का?" बायकोने विचारलं. "मालव," तो म्हणाला. नंतर अंधारात म्हणाला, "माझे हात गेलेत गं." तिने त्याचा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला, आणि तिथे ऊब आहे की नाही हे त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी तो आठच्या आत पोचला. किल्ली फिरवायला दोन्ही हात लागले. खोली गार होती, खिडकीची काच धुरकट. त्याने खणातून वरची कवळी काढली, ताईंच्या टेबलावर दिव्याखाली ठेवली, आणि आपली खुर्ची ओढून बाजूला बसला. साडेआठला ताई आल्या. दारातच थांबल्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचं विसरून तशाच उभ्या राहिल्या. "मास्तर," त्या म्हणाल्या, "मी फक्त त्या एका सुळ्याला..." "बसा," तो म्हणाला. "आज माझ्यासमोर करा." "काय बोलताय!" "माझ्यामागे करता तेच. बसा ताई. मला बघू दे." त्या बसल्या. त्यांनी दिवा लावला, सुरी तापवली, आणि खूप वेळ नुसती हवेत धरून ठेवली. ती निवली तेव्हा पुन्हा तापवली. मग उजवीकडची पहिली दाढ सैल केली. तो बघत होता. ती दाढ त्याला सरळ वाटली होती. ताईंनी ती केसभर फिरवून बसवली, आणि आधी ती किती वाकडी होती ते आत्ता दिसलं. मग तिच्या पुढची. मग डावीकडच्या दोन. काही ठिकाणी त्या थांबायच्या, त्याच्याकडे बघायच्या, दात आहे तसा सोडून पुढे जाऊ लागायच्या, आणि तो म्हणायचा, "नाही. तोही." त्या तो काढायच्या. काल सकाळच्या घाईत राहून गेलेले, चौदांपैकी नऊ झाले. ताईंच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळत होतं, ते त्या मनगटाने पुसत होत्या, कारण बोटांना मेण होतं. आपल्या शिकवण्यातली प्रत्येक खूण त्या बोटांत त्याला दिसत होती, अंगठा टेकायची जागा, सुरी निवू न देता पुढे सरकणं. फक्त ती खालून वर का गेली होती, हे आता समोरून बघताना त्याला कळलं. त्याच्या टेबलावर त्या नेहमी उभ्याने, खण अर्धा उघडून, घाईने काम करत आल्या होत्या. बसायला त्यांनी त्याची खुर्ची कधी घेतलीच नव्हती.

"मालकांना सांगणार आहात," ताई म्हणाल्या. "हो." "नका सांगू. मी आहे ना अजून दोन महिने. पाहिजे तर जाणं लांबवते. मुलीला समजावते." ते ऐकून त्याच्या आत काहीतरी त्या शब्दांकडे इतक्या जोरात गेलं की त्याने टेबलाची कड धरली. दोन महिने. लांबवलं तर चार. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं त्याला? ताई त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यांना खरंच तसं वाटत होतं, त्यांनी ते केलंही असतं. जिन्यात मालकाचं खोकणं ऐकू आलं. "मुलीकडे जा," तो म्हणाला. "वेळेवर जा."

मालक आत आला, दोघांना एका टेबलाशी बघून म्हणाला, "अरे वा, आज सकाळी सकाळी शाळा भरली की काय!" तो उभा राहिला. "मालक, जरा बसा. माझे हात गेलेत." मालक हसायच्या बेतात होता. "गेलेत म्हणजे?" "बोटांना समजत नाही काही. माझ्या कवळ्या ताई दुरुस्त करतात, रोज सकाळी. मला काल कळलं. आता दात लावायचं काम मला देऊ नका. प्लास्टर ओतेन, साचे घासेन, नाहीतर जाईन." मालक खरोखरच बसला, स्वतःच्या टेबलाला न टेकता, खुर्चीवर. त्याने डोळ्यांवरचा चष्मा काढला. आधी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग ताईंकडे, मग भिंतीवरच्या त्या सगळ्या नंबरांच्या जबड्यांकडे. "कधीपासून?" त्याने विचारलं.

सहा महिने, असं तो म्हणणार होता. त्याच्या मनात तेच होतं. फोड, बटणं, त्याआधीच्या मुंग्या, सगळं मागे मागे नेलं तरी सहा महिन्यांपलीकडे जात नव्हतं. पण ते त्याला कसं माहीत असणार, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो ताईंकडे वळला. ताई खाली बघत होत्या. सुरी अजून त्यांच्या हातात होती, तिच्यावरचं मेण पांढरं पडत होतं. त्या काहीतरी कमी सांगतील, त्याला वाचवतील, असं क्षणभर त्याला वाटलं, आणि आपल्याला तेच हवंय असंही वाटलं.

"अडीच वर्षं," ताई म्हणाल्या.

त्याने मान हलवली, आपल्याला माहीतच होतं अशी.